रिह्याची धम्मदीपा आणि खडकावरची आई

धम्मदीपाच्या पलंगाच्या पायथ्याला विटा लावलेल्या होत्या. पायांकडची बाजू जरा उंच असावी असं डॉक्टरांनी सांगितलं होतं आणि तिच्या सासूने, भीमाबाईंनी, घरामागच्या ढिगातून विटा निवडून आणून स्वतः लावल्या होत्या. एक वीट किंचित डुगडुगायची. तिच्याखाली भीमाबाईंनी जुन्या पातळाची घडी कोंबली होती. पलंग हलता कामा नये. पलंगावरची बाई हलता कामा नये.

आधीची दोन बाळं पाचव्या महिन्यातच गेली होती. या वेळी गर्भाशयाच्या तोंडाला टाका घातला होता आणि आठवा महिना लागला होता. हे बाळ जगलं पाहिजे, एवढंच त्या घराला कळत होतं. भात कापून झालं होतं, अंगणात पेंढ्यांची उडवी उभी होती, पण प्रदीप कामावरून आला की कणग्याकडे न बघता आधी पलंगाकडे बघायचा.

धम्मदीपा माले गावची. वडील जयवंत गवंडीकाम करत. हिंजवडीतल्या पुष्कळ इमारतींचे जिने त्यांनी बांधले. घरात बुद्धाची मूर्ती, बाबासाहेबांची तसबीर आणि तिच्याखाली शाळेच्या पुस्तकांची फळी, अशी मांडणी. मुलगी शिकणार याबद्दल त्या घरात कधी चर्चाच झाली नाही. पाऊस पडला की भात लावायचं तसं ते होतं. तिने प्राणिशास्त्रात बीएस्सी केलं, रोज एसटीने जाऊन. मग नांद्याला आमच्या ऑफिसात लागली. लग्न होऊन रिह्याला आली, तरी नोकरी सोडली नाही. प्रदीप पिरंगुटला एका कारखान्यात मशीन चालवतो.

आमच्या ऑफिसाचं काम बाहेरच्या माणसाला सांगायला जरा अवघड आहे. कॉम्प्युटरला चित्रातल्या वस्तू ओळखायला शिकवायच्या असतात. त्यासाठी आधी माणसाने व्हिडिओच्या प्रत्येक फ्रेममध्ये वस्तूभोवती चौकट काढून तिचं नाव लिहावं लागतं. सुरुवातीला आम्ही रस्ते करायचो: रिक्षा, टेम्पो, गाय, रस्ता ओलांडणारी बाई. नंतर परदेशातल्या एका संशोधन संस्थेचं काम आलं आणि आमच्या पडद्यांवर समुद्राचा तळ उतरला. ऑफिसातल्या बहुतेकांनी समुद्र पाहिला होता तो अलिबागच्या सहलीत, गुडघाभर.

खोल समुद्रात सूर्यप्रकाश पोचत नाही. जहाजावरून केबलला बांधलेलं यंत्र खाली सोडतात, त्याला दिवे आणि कॅमेरा असतो. दिव्यापुढे जेवढं येईल तेवढंच जग. त्या उजेडात पांढरे कण सतत खाली पडत असतात, चुलीतली राख वाऱ्याने उडावी तसे. वरच्या पाण्यात मेलेल्या जिवांचा तो चुरा. खाली राहणाऱ्यांचं अन्न म्हणजे मुख्यतः तोच. बाकी थंडी, दाब आणि काळोख.

धम्मदीपाला डॉक्टरांनी पडून राहायला सांगितलं तेव्हा मेधा मॅडमनी, म्हणजे आमचं काम तपासणाऱ्या सीनियरनी, तिला लॅपटॉप घरी दिला. लॅपटॉप पोटावर नाही, बाजूच्या स्टुलावर, आणि ती डाव्या कुशीवर. त्यामुळे त्या खोलीत दिवसभर समुद्राचा काळोख उघडा असायचा. भीमाबाई वाल सोलत शेजारी बसायच्या आणि पडद्याकडे संशयाने बघायच्या.

"हे काय गं, दीपे? खरूज आल्यावानी."

"मासा आहे आत्या. ही मोठी दिसतेय ती मादी. आणि तिच्या पोटाला बोंडासारखं लटकलंय ना, तो तिचा नवरा."

"काय सांगतियास!"

"खरंच. एवढ्या अंधारात जोडीदार एकदा भेटला तर परत भेटेल याचा भरवसा नसतो. म्हणून भेटल्या भेटल्या तो तिला चावतो आणि सोडतच नाही. हळूहळू दोघांची कातडी एक होते. रक्त तिचंच, खाणं तिचंच. त्याचे डोळे झिजून जातात. अंडी घालायच्या वेळेला तेवढा उपयोगी पडतो."

प्रदीप दारात चप्पल काढत होता. "म्हंजे कामावर जायचं न्हाई, डबा न्हाई, काय टेन्शनच न्हाई."

"तुमच्या डब्याचं टेन्शन तुम्हाला कधी होतं हो?" धम्मदीपा म्हणाली.

"आमच्या सासऱ्याचा धाकला भाऊ आसाच व्हता," भीमाबाई म्हणाल्या. "लगीन झालं त्ये बायकूच्या म्हायेरी जाऊन बसला त्यो बसला. चावला न्हाई येवढंच."

तेव्हा ती तिघं खूप हसली. मग धम्मदीपाने त्यांना आणखी एक मासा दाखवला होता, तळावर तीन लांब काड्यांवर उभा राहणारा. त्याच्या एकाच अंगात नर आणि मादी दोन्ही असतात. कुणी भेटलं तर ठीक. नाही भेटलं तर आपली अंडी आपणच फळवायची. भीमाबाईंनी हातातला वाल खाली ठेवून त्याच्याकडे आदराने पाहिलं. "ही बाकी शानी हाय," असं त्या म्हणाल्या.

मग ऑक्टोपसच्या क्लिपा आल्या.

दोन किलोमीटर खोलीवरचा एक उभा खडक होता. त्याला पांढरे, लांबट, थेंबासारखे दाणे चिकटलेले, आणि त्यांच्यावर आपले आठही हात गुंडाळून एक जांभळट मादी बसलेली. ती आपल्या नळीतून अंड्यांवर पाण्याचा झोत सोडत राहायची, गाळ बसू नये आणि आतल्या पिल्लांना ताजं पाणी मिळावं म्हणून. संशोधक त्याच खडकाकडे पुन्हा पुन्हा जात होते. एका हातावरच्या अर्धगोल वणामुळे मादी तीच आहे हे ओळखू यायचं. त्यांना जे पाहायला वर्षं लागली होती ते आमच्याकडे गठ्ठ्याने येत होतं. त्यामुळे धम्मदीपाने तिला काही आठवड्यांत म्हातारं होताना पाहिलं.

जांभळा रंग आधी राखाडी झाला, मग धुतलेल्या भांड्याच्या पाण्यासारखा. डोळ्यांवर पांढुरका पडदा आला. डोक्यामागचा मोठा फुगा, ज्यात तिचे सगळे अवयव असतात, तो सुरकुतला. अंडी मात्र दर क्लिपमध्ये मोठी होत होती. खेकडे जवळ यायचे; ती एका हाताने त्यांना लोटायची, पण खायची नाही. यंत्राच्या हाताने तिच्यासमोर खेकड्याचं मांस धरलं, तेही तिने घेतलं नाही.

धम्मदीपाने मेधा मॅडमना फोन केला. "मॅडम, ही खात का नाही?"

"खातच नाहीत त्या. तिथं पाणी एवढं थंड असतं की अंडं वाढायला वर्षं जातात. काही जातींत चार वर्षांहून जास्त. तोवर ती जागची उठत नाही."

"आणि मग?"

"मग पिल्लं बाहेर पडतात. मोठी असतात, पोसलेली, लगेच शिकार करू शकतात. थोडीच अंडी, पण तयार पिल्लं, असा हिशेब असतो तिचा."

"ती कुठं जाते मग?"

"ती मरते गं. आयुष्यात एकदाच अंडी घालते ती. तिची रचनाच तशी आहे."

मॅडमनी हे सहज सांगितलं. पाठ्यपुस्तकातच आहे ते. पण फोन ठेवल्यावर धम्मदीपाला ते आपल्याबद्दलच सांगितल्यासारखं वाटलं. तिने प्रदीपला बोलून दाखवलं. तो म्हणाला, तू दुसरं काहीतरी काम माग. तिने मागितलं नाही. ती मला नंतर म्हणाली की त्या आईकडे बघायची भीती वाटायची, पण न बघायची भीती जास्त वाटायची. आपण पाठ फिरवली आणि तेवढ्यात ती खडकावरून सुटली तर?

आणि मग एक विचित्र गोष्ट सुरू झाली. धम्मदीपा त्या मादीचं अनुकरण करायला लागली. डॉक्टरांनी सांगितलं होतं, मोरीपर्यंत चाला, जेवताना उठून बसा, जेवल्यावर बाळाच्या हालचालीकडे लक्ष द्या, कमी वाटली तर लगेच कळवा. तिने मोरीला जाणं टाळण्यासाठी पाणी कमी केलं. उठून बसणं सोडलं. भीमाबाई झोपल्या झोपल्या भरवायच्या ते दोन घास घेऊन तोंड मिटायची. ती मादी न हलता बसली म्हणून तिची अंडी टिकली. आपण न हलता पडलो तर आपलं बाळ टिकेल. असं तिने स्वतःशी कधी शब्दांत मांडलं नव्हतं. मांडलं असतं तर तीच हसली असती. ती विज्ञान शिकलेली होती, अमावास्येला न मानणाऱ्या घरातली होती. भीती मात्र शब्दांत न येता अंगात जाऊन बसली होती.

भीमाबाई खाण्यावरून ओरडायच्या, पण हलण्यावरून नाही. कारण त्यांच्याकडे त्यांची स्वतःची भीती होती. मागच्या खेपेला धम्मदीपा वडापच्या, माणसं कोंबून नेणाऱ्या जीपने माहेरी गेली होती. वाटेत एका खड्ड्यात जीप अशी आदळली की टपावरचं सामान खाली आलं. त्यानंतर काही दिवसांनी बाळ गेलं. डॉक्टरांनी सांगितलं होतं की त्याचा गाडीशी संबंध नाही, गर्भाशयाचं तोंडच कमजोर आहे. भीमाबाईंनी मान हलवली आणि मनात जीपलाच धरून ठेवलं.

"पडून ऱ्हा," त्या म्हणायच्या. "ह्यो म्हैना, पुढला म्हैना. मंग काय पळायचं त्ये पळ."

कापणी झाली की दरवर्षी तुकाबाई आणि गेणू यांचा मेंढ्यांचा कळप प्रदीपच्या भाताच्या खाचरात बसायला येतो. मेंढरं शेतात बसवली की लेंडीखताने जमीन पोसते, त्याबद्दल भीमाबाई त्यांना भात देतात. त्या वर्षीही ती दोघं आली. घराच्या खिडकीतून जाळीचं कुंपण दिसायचं, आत लोकरीचा एक करडा ढीग, आणि कडेला त्यांची पिकअप गाडी. नवी जन्मलेली कोकरं प्रवासात त्या गाडीत असायची.

तुकाबाई धम्मदीपाला बघायला आल्या. खोलीतला पडदा बघून दचकल्या.

"आगं बाई, ह्ये काय भूत लावलंय पोटुशीच्या म्होरं?"

"काम हाय तिचं," भीमाबाई म्हणाल्या. "त्याचा पगार मिळतो."

"भुताचा?"

"तुमी मेंढ्यांचं करता, ती भुताचं करती. बसा."

तुकाबाईंनी कमरेच्या पिशवीतून कागदाची पुडी काढली. "बिरोबाचा भंडारा हाय. पोटाला लावा."

भीमाबाई अवघडल्या. "आमच्यात न्हाई चालत, तुकाबाय. आमच्या मालकांनी सगळं सोडवलं घरातलं. तुमाला म्हाईत हाय."

"मंग र्‍हाऊ द्या."

भीमाबाईंनी उंबऱ्याकडे पाहिलं, सुनेकडे पाहिलं. मग हळू आवाजात म्हणाल्या, "पुडी ठिवून जा तितं फळीवर. लावत न्हाई आमी. पर आसूंदे."

धम्मदीपाला हसू आलं आणि लगेच मावळलं. आत्यांसारखी बाई भंडारा ठेवून घेते, म्हणजे आत्यांना किती भीती वाटत असेल.

आता आमच्या कामातली एक पद्धत सांगायला हवी, कारण पुढचं सगळं तिच्यामुळे घडलं. व्हिडिओत एखादी वस्तू जागची हलत नसेल तर प्रत्येक फ्रेममध्ये नवी चौकट काढत बसत नाहीत. आधीच्या फ्रेमची चौकट आणि नाव एक बटण दाबून पुढच्या फ्रेमवर उतरवायचं, मग त्याच्या पुढच्या. आम्ही याला ढकलणं म्हणतो. उभा टेम्पो? ढकल. खडक? ढकल. यात आळस नाही, कामाची रीतच आहे. सवय झाली की डोळे पडद्यावर असतात आणि बोट आपोआप दाबत राहतं.

एका दुपारी मेधा मॅडमचा फोन आला. पलीकडच्या फार्महाऊसवर शनिवारची पार्टी चालू होती आणि स्पीकरच्या धक्क्याने खिडकीची काच बारीक थरथरत होती.

"दीपा, शेवटची ऑक्टोपसची क्लिप परत पाठवलीय तुला."

"चुकलं का काही मॅडम?"

"तू सुरुवातीपासून शेवटपर्यंत 'जिवंत, अंड्यांवर, बदल नाही' असं ढकललंयस. श्वास बघितलास का?"

"श्वास?"

"तिचा डोक्यामागचा फुगा. श्वास घेताना तो फुगतो, बसतो. हळू, पण होतो. मी अख्खी क्लिप पाहिली. एकदाही नाही झाला. तज्ज्ञांनाही विचारलं. ते म्हणाले, गेलेलीच आहे ही."

धम्मदीपाने बटणावरचं बोट उचललं.

"ऐकतेयस ना? एवढं मनाला लावून घेऊ नकोस, सगळ्यांचंच होतं. आधीच्या फ्रेमसारखंच दिसतं, म्हणून आपण ढकलतो. फक्त दुरुस्त करून दे."

"मॅडम, अंडी?"

"अंडी आहेत खाली. काहींत डोळे दिसतायत पिल्लांचे."

तिने क्लिप उघडली. मादी तशीच होती, हात तसेच गुंडाळलेले. फुगा स्थिर होता. पांढरे कण तिच्यावर पडत होते आणि या वेळी ते झटकले जात नव्हते. त्यांचा एक थर तिच्या पाठीवर साचला होता. आधी लांब थांबणारे खेकडे आता तिच्या हातांच्या खाली शिरले होते. एका हाताच्या वळणातून चार-पाच अंडी दिसत होती, आणि प्रत्येकात दोन काळे ठिपके. ते बाहेर बघत होते.

धम्मदीपाने हात पोटावर ठेवला.

बाळ कधी हललं होतं? सकाळी? सकाळी दवाखान्यातल्या सिस्टरचा फोन आला होता. "हलतंय ना?" असं तिने विचारलं होतं आणि धम्मदीपाने "हो" म्हटलं होतं. कालही हो म्हटलं होतं. पण आज सकाळी खरंच हललं होतं का, की काल हललं होतं म्हणून ती हो म्हणाली? आणि काल? कालचं "हो" तरी कशावरून होतं? तिने मागे मागे आठवून पाहिलं आणि प्रत्येक दिवशी तिला फक्त आपला शब्द सापडला. आतली लाथ सापडली नाही.

"आत्या!"

भीमाबाई आणि तुकाबाई अंगणातून धावत आल्या. धम्मदीपा उठून बसली होती, कित्येक दिवसांत पहिल्यांदा, आणि दोन्ही हातांनी पोट दाबत होती.

"हलत नाहीये. कधीपासून ते मला माहीत नाही."

भीमाबाईंनी साखरेचं पाणी केलं, ते तिने घटाघटा प्यायलं, कूस बदलली, बोटांनी इकडून तिकडून ढोसलं. पोट कणकेच्या गोळ्यासारखं दबलं आणि परत वर आलं. आतून उत्तर नाही.

"निजलं आसंल," तुकाबाई म्हणाल्या. "मेंढी व्यायाला झाली का पोटातलं कोकरू आसंच गप पडतं. ताकद साठवतं. आमची कपिली—"

"मेंढीचं राहू द्या मावशी!"

तिने डॉक्टरांना फोन लावला. एकच वाक्य ऐकून डॉक्टर म्हणाल्या, "निघा. आत्ता." सरकारी ॲम्ब्युलन्सला फोन केला तर ती ताम्हिणीच्या बाजूला गेली होती, यायला वेळ लागणार होता. दारात एकच गाडी होती, गेणूची पिकअप.

भीमाबाई दारात आडव्या उभ्या राहिल्या. "त्या गाडीत? त्या रस्त्यानं? दीपे, मागल्या टायमाला—"

"मागच्या वेळी गाडीमुळं गेलं नव्हतं आत्या."

"तुला काय ठावं! टाका तुटला मंजी? हितंच ऱ्हा, ॲम्ब्युलन्स यील. पडून ऱ्हा तू. लई झालं तर घंटाभर."

धम्मदीपाने भिंतीला धरून पाय खाली सोडले. "मी पडून राहिले म्हणून ते टिकलं असं मला वाटत होतं. आता ते आहे का, हेच मला माहीत नाही. आत्या, बाजूला व्हा."

भीमाबाईंनी पदर खोचला आणि उडवीकडे धावल्या.

गेणूने कोकरं उचलून उचलून जाळीत सोडली. भीमाबाईंनी आणि तुकाबाईंनी गाडीत भाताच्या पेंढ्या अंथरल्या, एकावर एक, गुडघाभर उंच, वर गादी टाकली. गाडीला लेंड्यांचा आणि दुधाचा वास येत होता. धम्मदीपा डाव्या कुशीवर झोपली, भीमाबाईंनी तिचं डोकं मांडीवर घेतलं, आणि गाडी खाचराच्या बांधावरून रस्त्याला लागली. प्रदीपला फोन झाला होता. तो कारखान्यातून थेट दवाखान्यात येणार होता.

घोटवड्यापर्यंत रस्ता उखडलेला. पहिल्या खड्ड्याला भीमाबाईंनी केबिनच्या पत्र्यावर हात आपटला. "गेणूभाऊ, हळू!"

गाडी हळू झाली. धम्मदीपाने मान वर केली. "जोरात घ्या, काका!"

पुढचा खड्डा. "हळू रं!"

"जोरात!"

गेणूने खिडकीतून डोकं बाहेर काढलं. "आवो, येक कायतरी ठरवा! का मदेच हुबा करू?"

"जोरात," भीमाबाई म्हणाल्या. त्यांनी सुनेच्या पोटावर दोन्ही हात धरले, जणू हादरा त्यांच्या मनगटातच थांबणार होता, आणि डोळे मिटून घेतले. धम्मदीपाला वाटेतलं आभाळ, तारा, एका होर्डिंगवरचं हसणारं कुटुंब दिसत होतं. डोळे मिटले की काळे ठिपके दिसायचे, जोडीजोडीने. म्हणून तिने डोळे उघडे ठेवले.

पिरंगुटच्या दवाखान्यात टेबलावर घेतलं. डॉक्टरांनी पोटावर जेल लावून ठोके ऐकायचं यंत्र फिरवलं. खरखर आली. जागा बदलली. खरखर. प्रदीप दारात उभा होता, अंगात कारखान्याचा निळा शर्ट, हातमोजे काढायचे राहिलेले. मग कुठूनतरी खालून, खोलातून आल्यासारखा एक ठोका आला. मग एक पोकळी. मग दुसरा.

"आहे," डॉक्टर म्हणाल्या. पण त्यांचा चेहरा सुटला नाही. "ठोके मंद आहेत. वारेतून बाळाला रक्त नीट जात नाहीये बहुतेक. इथं नाही जमणार, पुण्याला हलवायचं. आमची गाडी देते."

ॲम्ब्युलन्सचा भोंगा चांदणी चौकातल्या गर्दीला फारसा पटत नव्हता. मोठ्या दवाखान्यात स्ट्रेचर ढकलत नेताना एका डॉक्टरने प्रदीपपुढे कागद धरला, आईला आणि बाळाला असलेले धोके भराभर वाचून दाखवले. आईला असलेले धोके धम्मदीपानेही ऐकले. तिने सासूचा हात पकडला.

"आत्या, मला काही झालं तर बाळाला—"

"तुला काय हुतंय?" भीमाबाई एवढ्या मोठ्याने ओरडल्या की वॉर्डबॉय थांबला. "अंडी घालून मरायला तू काय ती खडकावरली हायेस? जनावराची गत जनावराला. आमच्यात आई मागं ऱ्हाती आन् पोरांच्या पाठीत रपाटे घालती. जा आत!"

ऑपरेशन थिएटरचं दार बंद झालं तेव्हा भीमाबाई भिंतीला पाठ टेकून खाली बसल्या. प्रदीप म्हणाला की त्याने आईला तसं जमिनीवर बसलेलं वडील गेले तेव्हाच पाहिलं होतं.

मुलगी झाली. जन्मली तेव्हा रडली नाही. डॉक्टरांनी पाठ चोळली, नाकातोंडातलं काढलं, मुखवट्याने हवा दिली, आणि मग एक कुइं असा आवाज आला. भूल कमरेखाली होती, त्यामुळे धम्मदीपाने तो ऐकला. आणखी उशीर झाला असता तर, असं म्हणून मोठे डॉक्टर पुढचं बोलले नाहीत.

दुसऱ्या दिवशी तिला चाकाच्या खुर्चीतून काचेच्या पेटीपाशी नेलं. मुलीच्या नाकात नळी होती, छातीला तारा चिकटवलेल्या. पेटीच्या बाजूला गोल भोक होतं, त्यातून हात घालायचा. धम्मदीपाने कोपरापर्यंत हात धुतले आणि तरी ते बाहेरच धरून बसली.

"घाला ना हात," सिस्टर म्हणाल्या. "काही होत नाही."

मुलगी उताणी पडली होती, मुठी मिटून. हलत नव्हती.

"झोपलीये ती," सिस्टर म्हणाल्या. "मघाशीच दूध घेतलंय नळीने. शांत आहे एकदम."

पडद्यावर हिरवी रेघ चालली होती, आकडे बदलत होते, सगळं ठीक असल्याचं सांगत होते. धम्मदीपाने तिकडे पाहिलं नाही. तिने हात आत घातला, आणि पायाच्या करंगळीच्या पेराएवढ्या तळव्याला नखाच्या मागच्या बाजूने हळूच घासलं. काही झालं नाही. तिने पुन्हा घासलं, जरा जोरात.

पाय झटकन मागे गेला. कपाळाला आठ्या पडल्या, तोंड वाकडं झालं आणि पेटीतून एक बारीक, रागीट रडणं सुरू झालं.

"अहो ताई! आत्ता कुठं झोपली होती ती!"

"हो. सॉरी," धम्मदीपा म्हणाली.

काचेच्या दारापलीकडून भीमाबाई हात वर करून काय काय म्हणून विचारत होत्या. धम्मदीपाने ओठांनीच सांगितलं, हलली. भीमाबाईंना कळलं नाही, त्यांनी प्रदीपला ढोसलं, प्रदीपने सांगितलं. मग त्या हसल्या आणि लगेच तोंडाला पदर लावला.

"आता तिला झोपू द्या हं," सिस्टर म्हणाल्या. "सारखं उठवायचं नाही."

धम्मदीपाने मान हलवली. मुलगी हुंदके देत देत शांत झाली. मुठी परत मिटल्या. सिस्टर दुसऱ्या पेटीकडे वळल्या. धम्मदीपाने हात बाहेर काढला नाही. थोडा वेळ ती थांबली, आणि मग तिने पुन्हा त्या तळव्याला बोट लावलं.